तेच प्रश्न, पंधरा दिवसांनी

प्रश्नावली घेऊन परभणी जिल्हा पालथा घातला की डेटा नंतर जमतो, किस्से आधी! आमची टीम तिघांची: सर, सुरेखा आणि मी. मनावरचा ताण मोजणारे प्रश्न सरांनी तयार केलेले. ते खरंच ताण मोजतात का, आणि पंधरा दिवसांनी विचारल्यावर तीच उत्तरं येतात का, एवढंच पाहायचं होतं. एवढंच म्हणायला काय जातंय!

*

बोरीत जो तो सांगे, रात्री झोप नाही. सर हादरले, "अख्खं गाव तणावात?" शेवटी एका आजोबांना कारण विचारलं.

"मोटारीची लाईटच रात्री येती साहेब. झोपलो तर रानाला पानी कोन देईल?"

तो प्रश्न सरांनी मुकाट्याने बदलला.

*

एकच गोष्ट आम्ही फिरवून विचारतो, उत्तरं जुळतात का ते कळावं म्हणून. पिंगळीच्या एक काकू तिसऱ्या वेळी भडकल्याच. "पोलिसबी असंच इचारतेत! म्या काय चोरी केली का?"

*

पाथरीचे एक दुकानदार दुसऱ्या फेरीला म्हणाले, "मागच्या टायमाला काय सांगितलं ते वाचा, तेच लिहून घ्या. उगं तुमचं नुकसान नको!"

लय सज्जन माणूस. पण अशा सज्जनपणाने चाचणी मातीत जाते.

*

सुना एकट्या सापडत नाहीत. एक सासू म्हणाली, "तिला काय इचारायलेत? तिला कायबी टेन्शन न्हाई, मी सांगते ना!" मला भयंकर राग आला. सुरेखा शांतपणे म्हणाली, "आज्जी, तुमची म्हैस दाखवा की." दोघी गोठ्याकडे गेल्या, तेव्हा कुठे सून बोलली. बोलली कसली, रडलीच.

*

पाथरीजवळच्या एका खेड्यात एक मावशी होत्या. नवरा गेल्यापासून एकट्या. शेवटचा प्रश्न होता, जीव द्यावासा वाटतो का? त्या म्हणाल्या, "व्हय."

अशा उत्तराला कागद बाजूला ठेवायचा, असा आमचा नियम. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं, शेजारणीला सोबतीला झोपायला सांगितलं. निघताना सुरेखा त्यांचा हात धरून म्हणाली, "मावशी, मी पंधरा दिवसांनी येते बरं का." ते पंधरा दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

पुन्हा गेलो तर अंगण सारवलेलं, चुलीवर चहा. शेवटच्या प्रश्नाला त्या म्हणाल्या, "न्हाई."

सर हळूच म्हणाले, "मावशी, मागं तर हो म्हणाला होतात."

"तवा तसंच वाटत होतं साहेब. पर ह्या ताई येनार म्हनल्या होत्या की. घरी पाव्हनं येनार असल्यावर असं करतंय का कुनी?"