न घातलेल्या गोळ्या

भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत बायकांमध्ये वाचता येणारी मी एकटी. पुरुषांतही धड वाचणारे दोघे-तिघेच, आणि ते दिवसभर गिरणीत. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात ना, ती गाय मी. वडिलांनी मला मराठी चौथीपर्यंत शाळेत घातलं होतं, आणि त्याचा मला केवढा ताठा! लग्न होऊन आले तेव्हा मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पहिल्याच आठवड्यात हातात पेपर दिला आणि म्हणाले, "वाच बघू." मी घडघडा वाचला. त्यानं माझं पाणी भरणं काही सुटलं नाही, पण मान वाढला.

नवरा परगावी गिरणीत असायचा. मामांच्या पडवीत चार हातमाग होते. जमिनीत खड्डा करून माग बसवायचा आणि विणणाऱ्यानं काठावर बसून पाय खड्ड्यात सोडायचे, अशी आमची रीत. मी उंबऱ्याशी बसून कांड्यांवर सूत भरायची. शनिवारी साप्ताहिक आलं की कांड्या बाजूला ठेवून मोठ्यानं वाचायची. माग थांबायचे, शेजारचे विणकर येऊन बसायचे. आमचं घर तेलुगू बोलणारं, गल्लीही निम्मी तशीच, आणि पेपर मराठी. अवघड शब्द आला की मी तेलुगूत सांगायची, आणि खरं सांगते, मला न कळलेलाही सांगायची. कुणी शंका काढलीच तर मामा म्हणायचे, "पेपरात आलंय की." झालं, बोलणं खुंटलं.

माझ्याकडे दुसरं काम होतं उंदरांच्या गोळ्यांचं. ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला ताठपणा यावा म्हणून पिठाची खळ देतात, आणि त्या खळीवर उंदीर जीव टाकतात. चढवलेला ताणा एकदा कुरतडला की सगळी मेहनत मातीत. म्हणून दर आठवड्याला जोंधळ्याच्या पिठात गूळ आणि सोमल कालवून गोळ्या करायच्या आणि मागांच्या खड्ड्यांत ठेवायच्या. सकाळी मेलेले उंदीर शेपटीला धरून उकिरड्यावर. प्लेग आधी उंदरांत येतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाकी गावात उंदीर पडला की लोकांच्या पोटात गोळा यायचा. आमच्या गल्लीत उंदीर पडला की म्हणायचे, चला, औषध लागू पडलं.

त्या हिवाळ्यात नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला दुधनीला दिलेली. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या, तेव्हा तिचं करणारी मीच. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, मला वदिना म्हणायची. आमच्यात वहिनीला तेच म्हणतात. तिचे डोहाळे जगावेगळे. कुणाला चिंच हवी असते, हिला कच्चं पीठ. पिठाच्या डब्यात सारखा हात. खळीचं पातेलं बोटानं पुसून खायची. एकदा ती मागाच्या खड्ड्याशी वाकलेली दिसली आणि मी धावले. बिचारी पडलेली कांडी उचलत होती. पण मी त्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या. सोमलाची नवी पुडी, दोराही न सोडता, भिंतीतल्या देवळीत मडक्यामागे दडवली.

मामांना बोलले नाही. ताण्यापायी त्यांनी माझा जीव घेतला असता. नणंदेला मात्र सांगितलं. ती हसायला लागली. म्हणाली, "वदिना, आता उंदरांचे पण डोहाळे पुरव की." आम्ही दोघी किती हसलो त्या दिवशी!

मग पलीकडच्या पेठेत ताप आला. मुनशिपाल्टीचा डॉक्टर म्हणाला, हा गाठीचा ताप आहे. दवंडी पिटली: उंदीर पडला तर कळवा, घरं सोडून माळावर झोपड्या घाला, सुई टोचून घ्या. आमच्या साप्ताहिकानं लिहिलं की हा दरवर्षीचा हिवाळी ताप आहे, डॉक्टर लोक उगाच बाऊ करतात, गड्ड्याची जत्रा तोंडावर आलेली असताना गाव पळवून लावतात, आणि माणसं मरतात ती सुईनं. दुसऱ्या एका पेपरात म्हणे नेमकं उलट आलं होतं, पण तो आमच्या गल्लीत येत नसे. करकंबहून बाजाराला आलेला एक माणूस शपथेवर सांगत होता, सुई घेतलेला त्याचा शेजारी दिवस मावळायच्या आत काळाठिक्कर पडला. नाव विचारलं तर त्याला आठवेना. तरी लोकांना डॉक्टरपेक्षा तोच खरा वाटला. चौकात रोज हमरीतुमरी. सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले, एक पेपरच्या बाजूचा, एक डॉक्टरच्या. मी कुठल्या बाजूची होते ते सांगायला नको.

आणि आमच्या पडवीत उंदीर पडला. भर दुपारी. सोमल खाल्लेला उंदीर पाण्याकडे धावतो आणि कुठेतरी सांदीत मरतो. हा उजेडात, चार माणसांदेखत, पडवीच्या मधोमध आला, झिंगल्यासारखा दोनदा गोल फिरला आणि आडवा झाला. मी त्याच्याकडे बघत राहिले. मामांनी हातातला विणायचा धोटासुद्धा थांबवला नाही. म्हणाले, "उचल ग ते." दुसऱ्या दिवशी दोन पडले.

तिसऱ्या दिवशी दुधनीहून नणंदेचा नवरा आला. गावातली बातमी त्यांच्याकडे पोचली होती. पाणीही न पिता म्हणाला, "मामा, उंदीर पडत असतील तर मी हिला घेऊन जातो. दुपारच्या गाडीनं." त्याचं बोलणं संपतंय तोवर दारात सायकल वाजली. कुणीतरी चहाडी केली होती, डॉक्टर आला होता. तरुण पोरगा, डोक्यावर टोपी, बुटांवर धूळ. त्याच्यामागे निम्मी गल्ली.

"उंदीर पडलेत ना इथे?" त्यानं विचारलं.

मामा म्हणाले, "पडत्यात की. विणकराच्या घरी पडणारच. सून गोळ्या घालती."

डॉक्टर माझ्याकडे वळला. "पेपर वाचून दाखवता त्या तुम्हीच का? बाई, ते छापणारा माणूस डॉक्टर आहे का?"

एवढ्या लोकांत मला टोचून बोलला! मी ऐकून घेतेय होय! "न्हाय," मी म्हटलं, "आणि तुमी तरी कुटं पेपर छापता?" गल्ली खो खो हसली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तो हसला नाही. हळू आवाजात म्हणाला, "माझ्यावर राग काढा, चालेल. एवढंच खरं सांगा. या आठवड्यात गोळ्या घातल्या होत्या का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामा बघत होते. दुधनीचा जावई हातातली पिशवी धरून उभा होता. माझ्या एका शब्दावर त्याचं थांबणं नि जाणं. दाराआड नणंद उभी होती. नाही म्हटलं असतं तर मामांची आज्ञा मोडलेली उघडी पडली असती, डॉक्टर गल्लीदेखत जिंकला असता, आणि ती दुपारच्या गाडीनं गेली असती. तिनं जाऊ नये असं मला वाटत होतं, हेही खोटं कशाला सांगू? त्या घरात माझ्याशी हसणारं दुसरं होतं कोण?

"व्हय," मी म्हणाले. "घातल्या की."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. डॉक्टर सायकल घेऊन गेला. मामा जावयाला नाही म्हणाले, आणि तो संध्याकाळच्या गाडीनं एकटाच परत गेला. आत गेले तर नणंद माझ्याकडे टक लावून बघत होती. मी म्हटलं, "अशी काय बघतीस? जायचं होतं तुला?" तिनं मान हलवली. "न्हाय ग. सासूच्या हातचं बाळंतपण नको मला." आणि पुन्हा डब्यात हात घातला.

शनिवारी पेपर आला. मी नेहमीसारखी वाचायला बसले आणि तिसऱ्या पानावर अडखळले. भवानी पेठेतल्या एका विणकराच्या घरची हकिकत आली होती. उंदीर घरच्या सुनेनं घातलेल्या विषानं मेले असता डॉक्टरनं प्लेगची आवई उठवली आणि त्या सुनेनंच त्याला चारचौघांत गप्प केलं, असं ठसठशीत छापलेलं. नाव नव्हतं, पण गल्लीला काय सांगायचं! "पुन्हा वाच, पुन्हा वाच," म्हणून मला तीनदा वाचायला लावलं. आणि काय सांगू, तिसऱ्यांदा वाचताना मलाच वाटायला लागलं, घातल्या असतील मी गोळ्या. एखाद्या दिवशी, कामाच्या गडबडीत. छापलेलं माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि पुडी मडक्यामागे होती. मी मडकं हलवून बघितलं नाही.

गल्लीत तीन घरांनी माळावर जायला बोचकी बांधली होती. ती त्यांनी त्याच संध्याकाळी सोडली. मामांनी तो पेपर मागून घेतला, तेवढा मजकूर कापून पटक्यात खोवला, आणि नवा ताणा चढवला.

मंगळवारी नणंदेला हुडहुडी भरली. मी म्हटलं, गार वाऱ्यात बसली असेल. बुधवारी तिचे डोळे लालभडक झाले आणि तिला पाय जवळ घेता येईना. मी लुगडं बाजूला करून बघितलं. जांघेत लिंबाएवढी गाठ.

मी पळत देवळीशी गेले. मडकं ढकललं, फुटलं. पुडी तिथंच होती, दोऱ्याची गाठ दुकानदारानं मारलेली तशीच. ती मुठीत धरून मी तिच्याजवळ येऊन बसले. तिनं पुडी बघितली, माझ्याकडे बघितलं. जीभ जड झाली होती, तरी म्हणाली, "वदिना, मी कुणाला सांगितलं न्हाय." मला ऐकू आलं नाही असं तिला वाटलं असावं. तिनं परत सांगितलं, "कुणालाच न्हाय."

शुक्रवारी सकाळी ती गेली. पोटातलं पोर तिच्याबरोबरच गेलं. त्याच आठवड्यात बोचकी सोडलेल्या तीन घरांपैकी दोन घरांतून तिरड्या निघाल्या. मग कुणी कुणाला विचारलं नाही, सगळी गल्ली माळावर गेली.

माळावर तट्ट्यांच्या झोपड्या होत्या. मामा दारात बसायचे, हातांना काम नाही. पायांनी मात्र मागाच्या पावड्या दाबल्यासारखं करत राहायचे. दहावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर वही घेऊन आला. कुणाच्या घरी उंदीर कधी पडले ते लिहून घेत होता. त्याच्या बोलण्यात जिंकल्याचं काही नव्हतं, उलट थकला होता. मामा म्हणाले, "आमच्याकडं उंदीर गोळीनं मेले. पोरीला ताप बाहेरून आला."

मला सहन होईना. मी पुढे झाले. "मामा, मी गोळ्या घातल्या नव्हत्या," मी म्हटलं. "महिनाभर नव्हत्या घातल्या. ती पीठ खायची म्हणून. मी खोटं बोलले." आणि पुडी काढून त्यांच्यासमोर ठेवली.

डॉक्टरचं लिहिणं थांबलं. आजूबाजूच्या झोपड्यांतली माणसं जवळ आली. मामांनी पुडीकडे बघितलंच नाही. तापात बरळणाऱ्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"असं काय बोलतीस पोरी?" ते म्हणाले. "पेपरात आलंय की."

त्यांनी पटक्यातून तो कागद काढला. चार घड्यांवर झिजला होता. घड्या त्यांना उलगडेनात. जावई न्यायला आला होता, ते नाही म्हणाले होते. दुपारच्या गाडीनं ती जाणार होती. ते सगळं त्यांच्या तोंडावर मला दिसत होतं, आणि त्यांना माझ्याकडून काय हवं होतं तेही दिसत होतं.

"वाच," ते म्हणाले. "डाक्टरला वाचून दाखव."

मी कागद हातात घेतला आणि वाचला.