केळीच्या हौदात हिमाचल

शहाद्याच्या एस.टी. स्टँडजवळ शकीलभाईंचं सोड्याचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या बाजूला गॅसचा उंच सिलिंडर आणि त्यावर पितळी रेग्युलेटर. त्यांची मुलगी गजाला त्या सिलिंडरच्या सावलीतच वाढली. शाळेतल्या मुली तिला ‘सोडावाली’ म्हणून चिडवायच्या, पण ती चिडायची नाही. वायसर गळायला लागला की तिला तो दिसायच्या आधी ऐकू यायचा, आणि पाना हातात घेतला की ती जेवायचंही विसरायची.

धुळ्याला मेकॅनिकलचा डिप्लोमा करून ती सुरतच्या एका कंपनीत लागली. धरणांचे दरवाजे आणि जाळ्या पाण्याखाली जाऊन तपासायच्या, हे त्या कंपनीचं काम. पाणबुडे खाली उतरतात आणि गजाला काठावर थांबते. पण ते ज्यातून श्वास घेतात ते प्रत्येक उपकरण तिने उघडून, धुऊन, जुळवून दिलेलं असतं. त्या पाणबुड्यांमध्ये तिचा धाकटा भाऊ तौसिफही आहे. तापीत पोहून वाढलेला. पाण्यात त्याच्याइतका शांत माणूस कंपनीत दुसरा नाही, असं सगळे म्हणतात. तो स्वतः जरा जास्तच म्हणतो.

यंदा फेब्रुवारीत तापीवरच्या बॅरेजचं काम होतं, म्हणून दोघं घरी राहायला आले होते. तेव्हा सुरतहून साहेबांचा फोन आला. हिमाचलातल्या एका धरणाचं काम मिळालं होतं. खोली तीस मीटर, पाणी चार अंश.

“आपलेच रेग्युलेटर न्यायचे की नवे मागवायचे? शनिवारपर्यंत सांग,” साहेब म्हणाले. “तू सांगशील तेच जातील.”

असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आणि त्या पाण्यात पहिला उतरणार होता तौसिफ.

सिलिंडरमध्ये हवा प्रचंड दाबाखाली कोंबलेली असते. रेग्युलेटर तो दाब उतरवून पाणबुड्याला झेपेल तेवढी हवा देतो. पण कोंबलेली हवा एकदम सैल झाली की गार पडते, आणि रेग्युलेटरलाही गार करते. तापीचं पाणी त्याला ऊब देतं. चार अंशांचं पाणी कुठून देणार? कंपनीच्या रेग्युलेटरमध्ये बाहेरचं पाणी थेट स्प्रिंगपर्यंत पोचायचं. ते पाणी तिथेच गोठलं तर झडप उघडी अडकते, हवा धो धो वाहू लागते आणि बघता बघता सिलिंडर रिकामा होतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा गोडं पाणी आधी गोठतं, म्हणजे धोका आणखी जवळ. नव्या प्रकारात स्प्रिंगचा कप्पा रबरी पडद्याने बंद केलेला असतो. पाणी आत शिरतच नाही. कंपनीने त्याचा एक संच नमुना म्हणून तिच्याकडे पाठवला होता.

पंचाईत अशी की दोन्हींच्या माहितीपत्रकावर एकच वाक्य होतं : थंड पाण्यासाठी योग्य.

“मग जुनेच नेऊ ना आपा,” तौसिफ म्हणाला. “पाच वर्षं वापरतोय. माझ्या दातांना त्याची सवय आहे.”

“तुझ्या दातांना विचारून मी साहेबांना सांगू?”

“पत्रकावर लिहिलंय ना?”

“लिहिणारा खाली उतरणार आहे का?”

स्वतः तपासून बघायचं, तर शहाद्यात चार अंशांचं पाणी कुठे मिळणार? गजालाला रतिलालभाई आठवले. तापीकाठी त्यांच्या केळीच्या बागा, आणि पॅकिंगच्या शेडमध्ये घड धुवायचा सिमेंटचा हौद. शकीलभाईंशी त्यांची जुनी दोस्ती. गजालाने बर्फाच्या फॅक्टरीतून लाद्या आणल्या आणि हौदात सोडल्या.

“काय करी ऱ्हायनी बेटा?” रतिलालभाई बघतच राहिले. “इतलं थंड पानी मन्ही केळीले बी चालत नही. काळी पडी जास.”

“काका, केळी नाही, तौसिफला बुडवायचंय.”

“मंग चाली. तो पह्यलेच काळा शे.”

तौसिफ सोडून सगळे हसले. शकीलभाई सोड्याच्या बाटल्या घेऊन मजा बघायला आले होते.

थर्मामीटर चारवर आला. तौसिफ जुना रेग्युलेटर घेऊन जाड पोशाखात हौदात बसला, डोकं पाण्याखाली घातलं आणि श्वास घेऊ लागला. लांब, संथ, एका लयीत. बराच वेळ गेला, काही झालं नाही. मग नवा लावला. त्यालाही काही झालं नाही.

“झालं समाधान?” तो बाहेर येत म्हणाला. “दोन्ही पास. जुनेच नेऊ.”

गजालाने फोन हातात घेतला होता. इतक्यात शकीलभाईंनी एक बाटली फोडली आणि तो फुस्स आवाज ऐकून ती थांबली. तिला सारंगखेड्याची जत्रा आठवली. दरवर्षी तिथे त्यांच्या सोड्याचा गाडा लागायचा. दुपारी गिऱ्हाईक तुरळक असायचं, तेव्हा रेग्युलेटर पिवळाधमक दिसायचा. संध्याकाळी गर्दी उसळली, बाटलीमागून बाटली भरायला लागली, की तोच रेग्युलेटर बर्फ धरून कापसाच्या बोंडासारखा पांढरा व्हायचा. मग अब्बा त्यावर गरम पाणी ओतायचे.

तौसिफचा श्वास म्हणजे जत्रेतली दुपार होती. आणि हा हौद कमरेएवढा. तीस मीटर खाली एका श्वासाला चौपट हवा लागते. त्यातून कुणी घाबरलं, जोडीदाराची हवा संपली आणि दोघं एकाच रेग्युलेटरवर आले, तर? तिथे वरून ओतायला गरम पाणी नव्हतं. भोवतीचं पाणीच बर्फ करणारं होतं.

तिने फोन ठेवला, ओढणी कमरेला बांधली आणि हौदात उतरली.

“आपा, वेड लागलंय का? गोठशील.”

“जुना परत लाव, आणि त्याची जादाची नळी मला दे. आता दोघांनी धावून आल्यासारखा श्वास घ्यायचा. मधूनमधून मी हवा सोडायचं बटणही दाबणार.”

“असं पाण्यात कुणी श्वास घेतं का?”

“तू घेत नाहीस. घाबरलेला माणूस घेतो.”

दोघांनी डोकी खाली घातली. थंडीने गजालाचं कपाळ ठणकलं. थोड्याच वेळात तिला जुन्या रेग्युलेटरवर पांढरा थर चढताना दिसला, अगदी जत्रेतल्यासारखा. आणि मग एकाएकी गर्जना झाली. तोंडातली नळी फुरफुरू लागली, सगळा हौद उकळल्यासारखा खदखदला. रतिलालभाई चार पावलं मागे सरले. गजालाने सिलिंडर बंद केला, तोवर हवेचा काटा पार खाली आला होता.

तौसिफने स्वतःच जुना काढून बाजूला ठेवला. दोघांनी दुसऱ्या सिलिंडरला नवा लावला. पुन्हा तसाच धापा टाकत श्वास, तेच बटण. गजालाचे दात वाजत होते, पण ती उठली नाही. नव्यावरही बर्फाची पातळ साय धरली. झडप मात्र हलत राहिली. खात्रीसाठी तिने तेच पुन्हा केलं, आणि तरीही हवा मोजूनमापून येत राहिली.

शकीलभाईंनी स्वतःची शाल तिच्या खांद्यावर टाकली.

“जुन्याला मी फार जपलंय, आपा,” तौसिफ हळूच म्हणाला.

“त्यानेही तुला जपलं. तापीत त्यालाच घेऊन जा.”

तिथूनच तिने फोन लावला. पडदाबंद रेग्युलेटर हवेत, आणि प्रत्येक सिलिंडरला दोन, वेगवेगळ्या झडपांवर. एक गोठला तर तो बंद करून दुसऱ्यावर जाता आलं पाहिजे.

“नक्की?” साहेबांनी विचारलं.

“साहेब, मी स्वतः हौदात होते.”

पलीकडून एवढंच आलं, “मागवतो.”

एक गोष्ट मात्र कंपनीला नवी मागवून बदलता येणार नव्हती. उडी मारण्याआधी बटण दाबून फुस्स करून बघायची तौसिफची सवय. सोडावाल्याच्या घरातली सवय ती, गजालालाही होती. पण कडाक्याच्या थंडीत तसं केलं तर रेग्युलेटर पाण्यात जायच्या आधीच गार होतो. त्याचा हात बटणाकडे गेला की ती बोटांवर पाना मारायची. तो हिमाचलला निघेपर्यंत बोटं सुधारली होती.

मार्चमध्ये एका दुपारी ती दुकानात असताना त्याचा फोन आला. स्पीकरवर टाकायचाही धीर तिला झाला नाही.

“जाळीपर्यंत जाऊन आलो,” तो म्हणाला. “पाणी चारच अंश होतं.”

“आणि रेग्युलेटर?”

“काही झालं नाही, आपा.”

तिने फोन ठेवला. शकीलभाई हातातली बाटली तशीच धरून उभे होते.

“काय म्हणाला?”

“काही झालं नाही म्हणाला.”

त्यांनी मान हलवली, समोरच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांपुढे एकेक मसाला सोडा ठेवला आणि पैसे घ्यायला नकार दिला. एका गिऱ्हाइकाने विचारलं, आज काय विशेष?

“पोऱ्या तीस मीटर खाले गया व्हता. बर्फना पानीमा,” शकीलभाई म्हणाले. “काहीच झायं नही.”

“मंग त्यामा काय?”

“तेच तं. ते मन्ही पोरनं काम शे.”

गजाला मागच्या बाजूला सिलिंडरपाशी गेली होती. तिथून तिचा आवाज आला, “अब्बा, वायसर बदलायला झालाय. पाना कुठे ठेवलात?”