हळदीच्या दुपारी पेशींचा फोटो

चुलतभावाची हळद होती. बेलपाड्याच्या घरात मांडव भरलेला, आणि भर दुपारी मी चपला घालत होते. आत्याने दारातच अडवलं.

"कुठं चाललीस?"

"लॅबमध्ये. पेशींचा फोटो काढायचाय."

"पेशी काय पलून जातील?"

"पळतात का, तेच बघायचंय."

मी कुणाला तरी भेटायला चालले आहे, अशी तिची खात्री झाली. तिशी उलटलेल्या भाचीबद्दल तिला ही शंका सुखाचीच वाटली असणार. आत्या उरणच्या बाजारात मासळी विकते. कुणाच्या बोलण्यावर ती सहज विश्वास ठेवत नाही. मी रिक्षा थांबवली, तर ती माझ्याआधी आत बसली.

लॅबप्रमुख मॅडमना फोन करून परवानगी काढली. आत्याला पांढरा कोट घातला. कशालाही हात लावायचा नाही म्हटल्यावर तिने हात पाठीमागे धरले.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन डिश एकामागून एक ठेवल्या. दोन्हींत यकृताच्या कॅन्सरच्या पेशी. आदल्या दिवशी दोन्हींच्या मधोमध मी एक रेघ खरवडून ठेवली होती, दिवसभरात पेशी ती भरून काढतात का ते बघायला. पेशीचे दोन भाग व्हायला मदत करणारं एक जनुक या कॅन्सरमध्ये फाजील काम करतं, असा आमचा संशय. दुसऱ्या डिशमध्ये ते आम्ही गप्प केलं होतं, हे तिला सांगितलं.

आत्या बराच वेळ बघत राहिली. "पयल्यातला रस्ता बुजला. दुसऱ्यात हाय अजून."

मी चार पानांत लिहिणार होते ते तिने सहा शब्दांत संपवलं.

"म्हणजे वाढवतं पन तेच, पसरवतं पन तेच?"

"तसं दिसतंय. पण पेशी वाढल्या म्हणून जागा भरली की सरकल्या म्हणून, ते वेगळं तपासायला लागेल."

तिने भिंगावरचा डोळा काढला नाही. "तुज्या आतोबांना हेच झालं होतं ना?"

"हो." त्यांच्या अंगात ब कावीळ, म्हणजे हेपेटायटिस बी, वर्षानुवर्षं होती, तिचाच पुढे कॅन्सर झाला, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता.

"तवा हे औषद असतं तर?"

"हे औषध नाही, आत्या. अजून डिशमधलंच आहे. पण ती कावीळ घरच्यांनाही लागू शकते, तू आणि दोन्ही पोरं रक्त तपासून घ्या. किती दिवस सांगतेय."

संध्याकाळी मांडवात बँजोवाल्याचा माइक तिने हातात घेतला आणि सगळ्यांसमोर दोन्ही मुलांना सांगितलं, "उद्या सकाली उपाशीपोटी रक्त द्यायला चला. मी पन हाय." या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, हे मी मुद्दामच सांगितलं नाही. निदान पोरांची त्या रात्रीची बाटली तरी टळली.

आत्याचा आणि थोरल्याचा रिपोर्ट चांगला आला. दोघांना लस दिली. धाकट्याच्या रक्तात तीच कावीळ निघाली. यकृत अजून ठीक होतं, पण त्याला दारू बंद आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. आमचा प्रयोग पुढे दोनदा जमला, एकदा साफ फसला.

धाकटा सहा महिने माझ्याशी बोलला नाही. मग एका रविवारी सोनोग्राफीचा कागद घेऊन स्वतःच आला आणि म्हणाला, "नीट वाच. आईला सांगायच्या आदी मला सांग."