कादंबरीत नसलेली माय
नव्या पुस्तकाच्या खळीचा वास आला, की मला आष्टीतली ती हिवाळ्यातली दुपार आठवते. मी सातवीत होते. गुरुजींनी वर्ध्याहून आमच्या वयाच्या मुलांसाठी लिहिलेल्या नव्या ऐतिहासिक कादंबऱ्या आणल्या होत्या. तोवर इतिहास म्हणजे नुसत्या सनावळ्या. आपल्याच वयाची पोरं गड लढवतात, हे मी पहिल्यांदाच वाचत होते. शेजारच्या काकूंना वाचता येत नसे, म्हणून मी त्यांच्या अंगणात बसून मोठ्याने वाचायची आणि त्या तुरीच्या शेंगा सोलत ऐकायच्या. त्यांचा एकुलता मुलगा बेचाळीसच्या चळवळीत पोलिसांच्या गोळीबारात गेला होता, पण त्याबद्दल त्या कधी बोलत नसत. त्या दुपारी कादंबरीतला पोरगा गडाच्या दारात पडला आणि पुढच्याच ओळीत लढाई पुढे सरकली. काकूंचे हात थांबले. “अन् त्याच्या मायले कोनं सांगतलं?” मी पानं उलटली. माय कुठेच नव्हती. काकू माझ्याकडे बघत होत्या, म्हणून मी वाचत असल्यासारखं मनानेच सांगितलं, की सोबत्यांनी त्याला घरी नेलं आणि आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी हातातली शेंग सुपात ठेवली. मग म्हणाल्या, “तिले तोंड तरी पाह्याले भेटलं. मले तेबी पाहू नाई देल्लं.” सूप उचलून त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. पुन्हा त्यांनी मला वाचायला बोलावलं नाही. मीही ती कादंबरी पुढे वाचली नाही. गड शेवटी कुणाकडे राहिला, मला आजही माहीत नाही.