समितीचा अभिप्राय आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाई

पुण्याच्या पेठांतून मान वर करून चालणारा एकच माणूस आता उरला आहे, असं मी छातीठोकपणे सांगतो. तो म्हणजे आमचे सर. बाकीचे आपण सगळे खड्डे बघत चालतो. सर पहिल्या मजल्याच्या खाली बघतच नाहीत. त्यामुळे ते आजवर दोनदा उघड्या गटारात, एकदा फुलवाल्याच्या टोपलीत आणि एकदा चक्क एका नवरदेवाच्या अंगावर पडले आहेत. नवरदेवाला उठवता उठवता त्यांनी त्याला विचारलं, "हे कार्यालयाच्या दारावरचं रंगीत काचकाम मूळचं आहे का हो?"

शहरातल्या जुन्या, जपायच्या म्हणून नोंदलेल्या इमारतींना काही जोडायचं असेल, मजला वाढवायचा असेल किंवा साधी पाटी लावायची असेल, तर परवानगीआधी एका समितीचा अभिप्राय लागतो. सर त्या समितीचे सर्वांत ज्येष्ठ सदस्य होते. आयुष्यभर त्यांनी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना रेखांकन शिकवलं. मी त्या समितीचं कारकुनी काम बघणारा कनिष्ठ अभियंता. फाइल धरायची, अर्जदाराला फोन करायचा आणि सरांना रस्ता ओलांडून द्यायचा, हे माझं काम. त्यातलं तिसरं सर्वांत अवघड.

इमारत बघायची त्यांची रीत ठरलेली होती. आधी समोरच्या फुटपाथवर जायचं आणि नुसतं उभं राहायचं. दहा मिनिटं, वीस मिनिटं, कधी पाऊण तास. एखादा म्हातारा माणूस इतका वेळ वर बघत राहिला की पुणेकर थांबतातच. एकदा बुधवार पेठेत पंधरावीस जण त्यांच्यामागे वर बघत उभे राहिले आणि "कुणी उडी मारतंय का?" असं विचारत हवालदार धावत आला. सर म्हणाले, "नाही, पण ती महिरप मारायच्या बेतात आहे. तिचा एक दगड सुटलाय."

ती महिरप एका विजेच्या सामानाच्या दुकानावरची होती. मालकाला तिच्यावर आडवी, लखलखती, पहिल्या मजल्याच्या खिडक्या झाकणारी पाटी हवी होती. सरांनी नकाशा पाहिला आणि अत्यंत कुतूहलाने विचारलं, "तुमचं गिऱ्हाईक काय उंटावरून येतं?"

"म्हणजे?"

"एवढ्या उंचावरचं वाचणार कोण? या, जरा पलीकडे या."

मालकाला हाताला धरून त्यांनी समोर नेलं आणि शेजारच्या दुकानाची तसलीच पाटी वाचायला लावली. त्या भल्या गृहस्थाने पाच वेगवेगळ्या कंपन्यांची नावं, तीन फोन नंबर आणि 'आमची कोठेही शाखा नाही' एवढं सगळं वाचलं, पण दुकानाचं नाव काही त्याला सापडेना. सर म्हणाले, "दहा वर्षांचे शेजारी ना तुम्ही?" दुसऱ्या दिवशी मालक अर्ज मागे घेऊन आला. आज त्या महिरपीखाली हातभर उंचीची पाटी आहे. तिची अक्षरं सरांनी स्वतः काढून दिली आणि वर मालकाला ऱ्हस्व-दीर्घही शिकवलं.

पण सरांचा खरा आजार कुतूहलाचा. एका इमारतीच्या दुरुस्तीचा अर्ज त्यांनी तीन आठवडे अडवला, कारण सज्जाच्या तुळईला एक लोखंडी आकडा होता आणि तो कशासाठी ते कळेना. पाळण्याला फार बारीक, कंदिलाला फार पुढे. त्यांनी जुने भाडेकरू गाठले, त्यांच्या सुना गाठल्या. शेवटी कर्वेनगरात राहायला गेलेल्या एका निवृत्त शिंप्याने सांगितलं, की तिथे त्याच्या आत्याच्या पोपटाचा पिंजरा टांगलेला असायचा. सरांना परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा आनंद झाला. अभिप्रायात त्यांनी लिहिलं, "दुरुस्तीस हरकत नाही. पोपटाचा आकडा काढू नये." वरिष्ठांनी ते वाक्य खोडायला मला दोनदा सांगितलं. मी खोडलं नाही. नोकरीत मी केलेलं तेवढंच एक बंड.

असा हा माणूस एकदा चुकला, त्याची ही हकीकत.

नारायण पेठेत शंभरेक वर्षांची एक दुमजली इमारत आहे. पुढे कोरीव लाकडी खांबांचा सज्जा. सरांचा ह्या सज्जावर भारी जीव. त्या सज्जाला चिकटून, अगदी दर्शनी बाजूला, काचेची लिफ्ट उभी करायची म्हणून अर्ज आला. सरांचा चेहरा पाहून मला वाटलं, आता डॉक्टरला बोलवावं लागणार. त्या दिवशी ते समोरच्या फुटपाथवर उभेही राहिले नाहीत. बैठकीतच बसून त्यांनी दोन पानी अभिप्राय लिहिला. त्याचा शेवट असा: "सुंदर स्त्रीच्या तोंडासमोर कपाट उभे करावे, तसा हा प्रस्ताव आहे. नामंजूर."

आठवड्याने अर्जदाराचं उत्तर आलं, दुसऱ्या मजल्यावरून. रेघा न आखता सरळ ओळींत लिहिलेलं, मोत्यासारख्या अक्षरात. मी ते सरांना मोठ्याने वाचून दाखवलं, आणि दाखवायला नको होतं असं दुसऱ्याच ओळीला वाटलं. "आपल्या अभिप्रायात सज्जाचा उल्लेख नऊ वेळा आहे. सज्जामागे राहणाऱ्या माणसाचा एकदाही नाही. आपण एकदा वर यावे. मी खाली येऊ शकत नाही, हाच मुळात अर्जाचा विषय आहे."

सरांनी कागद माझ्या हातून घेतला. मग म्हणाले, "अक्षर बघा. खडूवर हात बसलेला दिसतोय. शिक्षिका असणार." आणि चपला घालायला उठले.

बाई गणिताच्या शिक्षिका होत्या, निवृत्त, पंचाहत्तरीच्या पुढच्या. दोन्ही गुडघे गेलेले, त्यात हृदय अशक्त, म्हणून शस्त्रक्रिया नाही. जिना उभा आणि अंधारा. चार वर्षांत त्या खाली उतरल्या नव्हत्या. सज्जातल्या खुर्चीत बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "या. कपाट बघायला आलात?"

सर ओशाळले. मी त्यांना ओशाळलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पण दोनच मिनिटांत त्यांचं कुतूहल जागं झालं. "इथून काय दिसतं हो तुम्हाला?" असं म्हणत ते बाईंच्या शेजारी खाली जमिनीवरच बसले.

"डोकी," बाई म्हणाल्या. "चार वर्षांत मी लोकांचे भांग आणि टकलं, यापलीकडे काही पाहिलेलं नाही. चेहऱ्याने ओळखायची सवय मोडली माझी. चेहरा ओळखीचा आहे तो तेवढा तुमचा. समोर तासन् तास उभे राहायचात. मला वाटायचं, बिचाऱ्याला घरातून काढलंय."

जिना उतरताना सर प्रत्येक पायरीवर थांबत होते. खाली आल्यावर म्हणाले, "अभिप्राय चुकला नव्हता. पण मी समोरून इतकी वर्षं पाहिलं आणि त्या खुर्चीत कुणी बसलंय, हे मला दिसलंच नाही."

मग ते मागच्या बाजूला गेले. तिथे वापरात नसलेल्या संडासांची रांग होती. लिफ्टला पुरेल एवढी जागा. पण ती भाडेकरूंनी अडगळीसाठी आपसात वाटून घेतलेली, आणि सोडायला कुणी तयार नाही म्हणूनच घरच्यांनी पुढची बाजू धरली होती. सर पुढचे दोन महिने रोज संध्याकाळी तिथे. हे समितीचं काम नव्हे, असं मी सांगून पाहिलं. ते प्रत्येकाच्या अडगळीची चौकशी करायचे, आणि अगदी मनापासून. हा पाटा कुणाचा, ही सतार कोण वाजवायचं. एकेक जण सांगता सांगता सामान उचलू लागला. तळमजल्यावरचा एक बँकेतला गृहस्थ तेवढा हटून बसला. त्याच्या वडिलांची बंद पडलेली स्कूटर तिथे होती. "ती हलणार नाही," एवढंच तो म्हणे. सरांनी त्याला जागेबद्दल एक अक्षर विचारलं नाही. स्कूटरवरून वडील कुठे कुठे जायचे, ते विचारलं. तो तासभर बोलला आणि शेवटी डोळे पुसत म्हणाला, "जिन्याखाली राहील का हो ती?" मागून ढकलायला सर स्वतः लागले, वर बघून बघून दुखावलेल्या मानेला पट्टा असताना.

लिफ्ट मागे बसली. बाई खाली आल्या त्या दिवशी आम्ही दोघं गेलो होतो. बाई काठी टेकत बोळातून पुढे आल्या. आम्हाला वाटलं, आता देवळात जायचं म्हणतील. त्या रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेल्या, वळल्या आणि आपल्याच घराकडे बघत राहिल्या. बराच वेळ. रिक्षावाले त्यांना वळसा घालून जात होते.

"हे असं दिसतं होय?" त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हापासून हे खांब पुसतेय मी. पुसायचे असतात एवढंच माहीत." मग सरांकडे न बघता म्हणाल्या, "तुमचा नकार बरोबर होता. भाषा वाईट होती."

"मान्य," सर म्हणाले.

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी बाई खाली उतरायच्या आणि दोघं मिळून पेठेतली एकेक इमारत बघायचे. सरांची समितीवरची मुदत संपली तरी गुरुवार चालूच राहिला. मला ते एकदा दिसले, एका खिडकीवरून कडाक्याचं भांडत होते. सर म्हणत होते, कमान अर्धवर्तुळ आहे. बाई म्हणत होत्या, डोळ्यांनी सांगू नका, मोजून सांगा. मी मध्ये पडलो नाही.

या दिवाळीनंतर बाईंना लेकीने नाशिकला नेलं. आता तिकडेच राहणार म्हणे. गेल्या आठवड्यात सर मला नारायण पेठेत भेटले. एकटेच. मी विचारलं, बाई कशा आहेत?

"बऱ्या आहेत. फोन केला होता. त्यांना म्हटलं, तुम्हाला सज्जातून काय दिसायचं ते सगळं मी विचारलं, पण आयुष्यात काय बघायचं राहिलंय, ते कधी विचारलंच नाही."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, अशा चौकशा फोनवर करायच्या नसतात. लेखी विचारा."

सरांनी पिशवीतून कोरा कागद काढला आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. पेन उघडलं. मी निघालो, तर त्यांनी हाक मारली.

"जरा थांबता का? मायना काय लिहावा, ते सुचत नाहीये."