न वाचता दाबलेलं 'नको'

ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर तोच सांभाळायचा. जुनी अडगळ दिसली की त्याचं डोकं फिरायचं, म्हणून लोक त्याला 'चकाचक' म्हणत. त्या महिन्यात त्याने चाळीस मशीनवर नवा, ओपन सोर्स ब्राउझर टाकला. जुन्यातली माहिती, आधीचे शोध वगैरे, आणायची का, असं मशीन दर वेळी विचारायचं आणि तो न वाचताच 'नको' दाबायचा. जुना कचरा नव्या घरात कशाला न्यायचा?

रविवारी घरच्या कॉम्प्युटरवरही त्याने तेच केलं. हाताला वळणच पडलं होतं. जुना ब्राउझर त्याने मुळासकट उपटला.

संध्याकाळी लेक आली. आई गेल्यापासून, म्हणजे पाच महिने, ती दर रविवारी यायची आणि थोडा वेळ कॉम्प्युटरपुढे बसायची. आज तिने एक अक्षर टाइप केलं, पुसलं, दुसरं केलं.

"बाबा, एक अक्षर टाकलं की आईने शोधलेलं सगळं खाली यायचं. मी ते वाचत बसायचे."

"बॅकअप..." तो म्हणू लागला, पण घरचा बॅकअप त्याने कधी घेतलाच नव्हता.

"काय शोधायची ती?"

"तुमच्या घोरण्यावर उपाय." लेक म्हणाली. "आणि हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी, 'एकट्या माणसाला जमेल असा स्वयंपाक'."

चकाचकने खुर्ची ओढली आणि कोऱ्या चौकटीत 'ए' टाइप केला. खाली परक्या लोकांचे शोध भराभर उमटले. तिचा एकही नव्हता.