व्हाइस चेअरमनांची मांजरं

टँकर आठवड्यातून एकदा येत होता, माणसं दोन तांब्यांत आंघोळी उरकत होती, आणि आमचे घरमालक मांजरांच्या संडासावर प्रयोग करत होते. धर्मापुरीच्या अलीकडच्या एका गावात मी शाळेवर नवा लागलो होतो. त्यांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या. त्यांचं खरं नाव पोस्टमनखेरीज कुणी वापरत नसे. गावच्या सहकारी सोसायटीचे ते कायमचे व्हाइस चेअरमन, म्हणून सगळं गाव त्यांना तेच म्हणे. घरमालकीण काकूसुद्धा रागावल्या की तेच म्हणत.

सोसायटीत चेअरमन बदलत, हे बदलत नसत. कारण सरळ होतं. कुणीही कसलाही ठराव मांडो, यांचा हात आधी वर. "सूचक कुणीबी असू द्या, अनुमोदन आपलं," असं ते अभिमानाने सांगत. इतक्या सोयीच्या माणसाला कोण काढणार? आणि चेअरमन तरी कोण करणार?

घरात तीन मांजरं होती. गलेलठ्ठ पिवळा बोका चेअरमन, माझ्या कागदांवर बसणारी करडी मांजरी सचिव, आणि एक पांढरं, हडकुळं, एका कानाने बहिरं मांजर होतं, त्याचं नाव सभासद. दुधाच्या वाटीवर कुणाचा नंबर केव्हा लागे ते सांगायला नको. पण तिघांपैकी एकालाही उंबऱ्याबाहेर पाय टाकायची परवानगी नव्हती. त्यासाठी पडवीला दोन दारं केली होती. एक जाळीचं, एक लाकडी. आधी मागचं लावायचं, कडी घालायची, मगच पुढचं उघडायचं. मला माझ्या खोलीत जायला तीच वाट होती. दिवसातून दहा वेळा आतून आवाज येई, "सर, कडी घातली का?" मी तोंडाने हो म्हणे आणि मनात हसे. शाळेत मी त्यांची नक्कलही करून दाखवायचो.

मांजरं घरात कोंडली की पुढचा प्रश्न उघडच होता, आणि धुवायला पाणी नव्हतं. व्हाइस चेअरमनांनी गवंड्याचं एक जुनं घमेलं आणलं. वीटभट्टीवर परळीच्या वीज केंद्रातून थर्मलची राख यायची, तिची दोन पोती मागून आणली आणि घमेलं भरलं. ती राख मैद्यासारखी. सभासदाने पहिल्याच दिवशी असं उकरलं की पांढरा गेला आणि करडा बाहेर आला. मग राखेची पावलं पलंगावर, माझ्या तपासलेल्या पेपरांवर आणि काकूंनी वाळत घातलेल्या पापडांवर उमटली. काकूंनी ते सगळे पापड गोळा करून यांच्या ताटात वाढले.

दुसरा प्रयोग साखर कारखान्याच्या बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या भुग्याचा. ऊसच नसल्याने त्या साली गाळप बंद होतं, जुना ढीग तेवढा पडून होता. त्यात कुठे गोडवा उरला होता कोण जाणे, दोन दिवसांत घमेल्याला लाल मुंग्या लागल्या. सचिव त्यात बसली आणि जी उडाली ती थेट देवळीत. तिसऱ्या खेपेला सुताराकडचा लाकडाचा भुसा आला आणि जमलं. खाली जरा राख, वर भुसा, पाण्याचा थेंब नको आणि वास नाही. घाण वेगळी करायला त्यांनी काकूंची पिठाची चाळणी पळवली. त्यावरून घरात चार दिवस अबोला होता. काढलेला भुसा परसातल्या लिंबापलीकडच्या खड्ड्यात जाई. "भाजीला न्हाई घालायचा हां, दोन वर्सं खड्ड्याला हात लावायचा न्हाई," असं ते मला बजावत, जणू मी रोज सकाळी तिकडे घमेलं घेऊन जाणार होतो.

पुण्याच्या पुतण्याने एकदा मांजरांसाठी प्लास्टिकचं गुलाबी भांडं आणि वासाच्या खड्यांची पिशवी पाठवली. त्यांनी पिशवी हुंगली. "ह्याला अत्तर कावून लावलंय? मांजर काय लग्नाला चाललंय का?" भांड्यात काकूंनी मिरच्या ठेवल्या. नखं घासायला बैलगाडीच्या मोडक्या जुवाला सुतळी गुंडाळून ते कोपऱ्यात उभं केलं होतं, खेळायला बारदान्याच्या चिंध्यांचे उंदीर होते. विकत आणलेली एक वस्तू नव्हती, आणि हे ते आल्या-गेल्याला ऐकवत.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते मला काकूंनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी सोसायटीच्या गोदामात उंदीर फार झाले, म्हणून औषध टाकायचा ठराव आला. अनुमोदन अर्थातच यांचं. उंदीर मेले आणि ते उंदीर खाऊन गल्लीतली मांजरंही मेली. यांच्या घरची मांजरी ओसरीवर तडफडून गेली, तिची तीन पिल्लं उरली. "तवापासून दारं लावत बसलेत," काकू म्हणाल्या. ऐकून मला वाईट वाटलं, पण नक्कल करायचं काही मी सोडलं नाही.

त्या उन्हाळ्यात गावाजवळ चारा छावणी लागली. जनावरांची सरकी पेंड सोसायटीच्या गोदामात आली आणि मागोमाग उंदीर आले. पुन्हा औषधाचा ठराव आला. सभेहून परतले तेव्हा व्हाइस चेअरमनांचा चेहरा मोठा पराक्रम केल्यासारखा होता. विरोध केलात का, असं मी विचारलं.

"इरोध न्हाई केला. पर हात वर केला न्हाई. हात मांडीखाली दाबून बसलतो."

हे त्यांचं बंड. सभेतला त्यांचा चहा संपायच्या आत दुसऱ्या कुणीतरी अनुमोदन दिलं आणि प्रोसिडिंगात 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलं गेलं. त्यावर सहीसुद्धा यांनी केली. मी तोंडावर हसलो. जाळीच्या दाराला त्यांनी आणखी एक कडी ठोकली, आणि गोदामात औषध पडलंय, आता आठ दिवस सांभाळा, असं मला हात जोडून सांगितलं.

चौथ्या दिवशी दुपारी, वार नसताना टँकर आला. बाहेर आरडाओरडा झाला. व्हाइस चेअरमन परळीला गेलेले, काकू आधीच रांगेत. मी दोन घागरी उचलल्या आणि धावलो. तासाभराने भरलेल्या घागरी घेऊन परत आलो तेव्हा दोन्ही दारं सताड उघडी होती. चेअरमन पलंगावर झोपला होता. सचिव माझ्या पेपरांवर होती. सभासद नव्हता.

व्हाइस चेअरमन परतले आणि संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं गल्लीबोळ फिरलो. हाका मारून उपयोग नव्हता, त्याला धड ऐकू येत नव्हतं. सकाळी तो गोदामाच्या मागच्या भिंतीशी सापडला. व्हाइस चेअरमनांनी त्याला बारदान्यात गुंडाळून आणलं आणि खड्ड्यापासून लांब, परसात एका कोपऱ्यात स्वतः पुरलं. मी मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी पाहिला नाही.

मग त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं. घरात पाणी होतं ते मी भरलेल्या घागरींतलंच. मी तांब्या घेऊन त्यांच्या मातकट हातांवर धार धरली आणि एकदाचं बोललो, "दार माझ्याकडून राहिलं." तांब्या अर्धा झाल्यावर त्यांनी हात मागे घेतले.

"बास, बास. पाणी जपा. दोनी घागरी भरल्या का सर?"

भरल्या, असं मी म्हणालो.

त्यापुढे आठ महिने मी त्या घरात राहिलो. 'कडी घातली का' हे त्यांनी मला पुन्हा कधीच विचारलं नाही. मी आत आलो, कडी घातली, माझ्या खोलीकडे वळलो, की ते गुडघ्यांवर हात टेकून उठत आणि दाराशी जाऊन स्वतः बघून येत.